कॅबिनेटचे पुढचे तीन फॅन मंदावत नाहीत आणि मागचा रात्री फिरत नाही : दोष बोर्डाचा की आणखी कशाचा?

मनीषनगरी (धागाकर्ता)

नमस्कार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः असेंबल केलेल्या संगणकाच्या फॅनांनी गेले दहा दिवस मला बेजार केले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. कॅबिनेटसोबत पुढच्या बाजूला तीन फॅन बसवूनच आले होते आणि त्या तिघांच्या तारा कॅबिनेटच्या पाठीमागे चिकटवलेल्या एका छोट्या हबला (अनेक फॅन एकत्र जोडायच्या पट्टीला) जोडलेल्या होत्या. हबला एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) साटा नावाच्या जोडणीने वीज मिळते, आणि त्याची एक तार मी मदरबोर्डावरच्या पहिल्या सिस्टिम फॅन हेडरला (फॅनाची तार बसवायच्या पिनांच्या जागेला) लावली आहे. मागचा फॅन मी वेगळा विकत घेतला असून तो चार पिनांचा आहे. तो दुसऱ्या हेडरवर आहे.

तक्रारी दोन आहेत. पुढचे तिन्ही फॅन संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच वेगाने घोंघावतात आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, वेगाची टक्केवारी कितीही कमी केली तरी त्यांच्या आवाजात तसूभरही फरक पडत नाही. मागचा फॅन मात्र नेमका उलट वागतो, म्हणजे दुपारी व्यवस्थित फिरतो आणि रात्री थांबतो. कधीकधी तो थांबल्या जागी ‘टक्… टक्…’ असा आवाज करत हलण्याचा प्रयत्न करतो आणि पुन्हा गप्प बसतो.

पहिले तीन आठवडे संगणक वरच्या मजल्यावरच्या, कूलर नसलेल्या खोलीत होता आणि मागच्या फॅनाने तेव्हा एकदाही त्रास दिला नाही. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला तसे त्या खोलीत बसणे अशक्य झाले, त्यामुळे संगणक खाली दिवाणखान्यात आणला. तिथे खिडकीला मोठा कूलर आहे. तेव्हापासून हे सुरू झाले असल्याने कूलरच्या दमट हवेने फॅन किंवा हेडर खराब झाले असावे, असा माझा समज आहे. एका दुकानात विचारले असता ‘हेडर गेले, बोर्ड कंपनीकडे पाठवावा लागेल, पंधरा-वीस दिवस धरून चाला’ असे उत्तर मिळाले. माझे लग्नाच्या चित्रीकरणाच्या संपादनाचे काम अंगावर आहे, त्यामुळे इतके दिवस संगणकाविना राहणे परवडणारे नाही. बोर्ड पाठवण्यापूर्वी घरी काय तपासता येईल, हे कृपया सांगावे.

उंटखाना

दमटपणाच असणार, दुसरे काही नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी इतके जड आहे की कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरा थर चढतो, आणि तीच वाफ संगणकात जात असेल तर फॅनाची बेअरिंग जाम होणारच. मागच्या फॅनाचे स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. माझा फॅन त्याने दोन वर्षे चालला.

हिंगण्याचा वायरमन

तेलाची बाटली तूर्तास बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. जाम झालेली बेअरिंग दुपार आणि रात्र ओळखत नाही. ती उलट थंड असताना सुरू व्हायला कुरकुर करते आणि एकदा फिरू लागली की फिरत राहते. इथे फिरणारा फॅन रात्री थांबतो आहे, आणि तोही केवळ जागा बदलल्यानंतर. शिवाय चालू संगणकाच्या आतील भाग खोलीतल्या हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे दमट हवा आत गेली तरी तिचे दव त्या भागांवर धरत नाही. कूलरचे तुषार थेट कॅबिनेटवर उडत असतील, तर क्षार साचण्याचा धोका खरा आहे, पण तो दहा दिवसांत असा दिसत नाही.

हेडर गेले की नाही, हे ठरवण्यापूर्वी हेडर काय करते ते पाहू, कारण निम्मे बोर्ड या एका गैरसमजापायी उगाच कंपनीकडे जातात. फॅन हेडरवर चार पिना असतात. पहिली ऋण, दुसरी बारा व्होल्टची, तिसरीवरून फॅन आपला वेग बोर्डाला कळवतो आणि चौथीवरून बोर्ड फॅनाला वेगाचा हुकूम देतो. तिसऱ्या पिनेवर एका फेऱ्याला दोन ठोके येतात. ते मोजून बोर्ड मिनिटाला किती फेरे झाले, हे दाखवतो. तीन पिनांच्या फॅनात चौथी तार नसतेच. त्यामुळे त्याचा वेग कमी करायचा असेल तर बोर्डाला दुसऱ्या पिनेवरचा व्होल्टेजच उतरवावा लागतो, आणि बायोसमध्ये याला डीसी मोड म्हणतात. चार पिनांच्या फॅनाला मात्र बारा व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेवर सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो. त्यातला ‘चालू’चा वाटा जितका मोठा, तितका वेग जास्त. हा पीडब्ल्यूएम मोड.

मोड आणि फॅन यांची जोडी जुळली नाही, तर दोन्ही चांगले असूनही लक्षणे बिघाडासारखी दिसतात. तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएम मोडमध्ये पूर्ण वेगाने धावतो, कारण त्याला हुकूम ऐकण्यासाठी कानच नाही. चार पिनांचा फॅन डीसी मोडमध्ये चालतो खरा, पण व्होल्टेज फार उतरला की त्याच्या आतल्या छोट्या सर्किटचाच जीव जातो.

आता आपण तीन गोष्टी पाहून सांगाव्यात. हबवरून एका पुढच्या फॅनाची तार काढून तिच्या टोकाला किती छिद्रे आहेत, हे मोजावे. बायोसमध्ये दोन्ही हेडरांचा मोड कोणता आहे, ते पाहावे. आसुसच्या बोर्डावर हे क्यू-फॅनमध्ये, गिगाबाइटवर स्मार्ट फॅनमध्ये आणि एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटरमध्ये सापडते. आणि संगणक पूर्ण बंद करून, एसएमपीएसची कळ मिटवून, मागचा फॅन बोर्डावरच्या, पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेच्या पंपासाठीच्या हेडरवर लावून पाहावा.

मनीषनगरी

आपण इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे, दादा. आज सकाळी तिन्ही गोष्टी केल्या.

पुढच्या फॅनांच्या तारांना तीनच छिद्रे आहेत. हबवरच्या जागा मात्र चार पिनांच्या आहेत, त्यामुळे फॅनही चार पिनांचेच असतील, असे मी गृहीत धरले होते आणि पाहण्याचे कष्टच घेतले नव्हते. बायोसमध्ये पहिले हेडर पीडब्ल्यूएम आणि दुसरे डीसी मोडवर आहे. हे मी कधी बदलल्याचे आठवत नाही. पहिल्या हेडरचा वेग बायोसमध्ये १४८० दिसतो आणि टक्केवारी शंभरवरून तीसवर आणली तरी आकडा १४७० ते १४९० च्या आतच राहतो.

मागचा फॅन पंपाच्या हेडरवर लावताच झोकात फिरू लागला. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खरे, दुसरे हेडरच गेले, असे समजायचे का?

हिंगण्याचा वायरमन

इतक्यात नाही. पंपाचे हेडर सहसा मुळातच पूर्ण वेगावर ठेवलेले असते, कारण पंप मंदावू नये अशी अपेक्षा असते. तिथे फॅन फिरला, यावरून फॅन जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. जुन्या हेडरवर तो दुपारी फिरतो, हेही विसरू नका. जळालेले हेडर दुपारपुरते जिवंत होत नाही.

लिनक्सवाली

या धाग्यात एक गोष्ट अजून कुणी मोजलेली नाही आणि ती म्हणजे वेळ. ‘दुपारी फिरतो, रात्री थांबतो’ हे निरीक्षण कानाने केलेले आहे. तापमान आणि फॅनांचे फेरे पाहण्यासाठी मी लिनक्सवर एलएम-सेन्सर्स वापरते. आपण विंडोजवर असाल तर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम सेन्सरांचे सगळे आकडे दर काही सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. एक दिवस आणि एक रात्र त्याला चालू राहू द्या आणि मग सीपीयूचे तापमान, बोर्डाचे तापमान व मागच्या फॅनाचे फेरे, असे तीन रकाने शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या हेडरचा वेग कोणत्या तापमानावर ठरतो, हेही बायोसमध्ये बघा. बहुतेक बोर्डांवर सिस्टिम फॅन सीपीयूच्या नव्हे, तर बोर्डाच्या सेन्सरला बांधलेले असतात आणि लोकांचे तिकडे लक्षच जात नाही.

गोकुळपेठकर

थोडे विषयांतर, पण फॅनाचेच आहे. माझ्याही कॅबिनेटचे फॅन सतत पूर्ण वेगाने फिरतात. ते रंगीत दिव्यांचे असून त्यांच्या तारांना सहा पिना आहेत आणि सोबत छोटा रिमोट मिळाला आहे. ते बोर्डाला कोणत्या जागी जोडायचे?

हिंगण्याचा वायरमन

थेट जोडता येणार नाहीत. वीज आणि दिव्यांचा संकेत एकाच तारेत कोंबलेले हे सहा पिनांचे फॅन ज्याच्या त्याच्या हबचेच असतात. त्यातल्या बऱ्याच हबांतून वेगाची माहिती बोर्डापर्यंत पोहोचतच नाही, वेग रिमोटवरच्या दोन-तीन पायऱ्यांनी बदलतो तेवढाच. एक धोक्याची सूचना मात्र आवर्जून देतो. आपल्या हबपासून दिव्यांसाठी तीन छिद्रांची तार निघत असेल, तर ती पाच व्होल्टची आहे आणि बोर्डावरच्या बारा व्होल्टच्या चार पिनांच्या दिव्यांच्या हेडरवर ती रेटून बसवण्याचा प्रयत्न करू नये. माझ्या डोळ्यांदेखत एका नातलगाच्या सहा फॅनांचे दिवे एका क्षणात विझले आहेत. सविस्तर चर्चेसाठी वेगळा धागा काढावा, इथे मूळ प्रश्न अर्धवट राहील.

मनीषनगरी

नोंद घेतली आणि आकडे पाहून चकित झालो. दुसऱ्या हेडरचा वेग खरोखरच बोर्डाच्या तापमानाशी बांधलेला आहे. कोणत्या तापमानाला किती वेग, हे ठरवणारी त्याची रेषा ३५ अंशांपर्यंत २० टक्के, ४५ अंशांवर ५० टक्के आणि ६५ अंशांवर १०० टक्के अशी आखलेली आहे.

दुपारी तीन वाजता, कूलर बंद असताना, बोर्ड ४६ अंशांवर होता आणि मागचा फॅन ७९० फेऱ्यांनी फिरत होता. साडेसातला कूलर लावला. नऊ वाजता बोर्ड ४१ अंशांवर आला आणि फेरे ५२० झाले. दहा वाजून वीस मिनिटांनी बोर्ड ३८ अंशांवर उतरला आणि फेऱ्यांच्या रकान्यात शून्य आले. त्यानंतर रात्रभर तो आकडा शून्य आणि अडीचशेच्या मध्ये उड्या मारत होता. मला ऐकू येणारी ती ‘टक्… टक्’ बहुधा हीच असावी.

माझ्या पोटात गोळा आला तो सीपीयूचा रकाना पाहून. रात्री साडेअकराला मी एका तासाभराच्या चित्रफितीचे रेंडर (संपादनानंतर अंतिम फाइल बनवण्याचे काम) लावून झोपलो होतो. त्या काळात सीपीयू ८४ अंशांवर होता, बोर्ड मात्र ३९ अंशांच्या वर गेला नाही आणि गरम हवा बाहेर टाकणारा एकमेव फॅन थांबलेला होता.

लिनक्सवाली

आता चित्र पूर्ण झाले. ३८ अंशांवर आपल्या रेषेनुसार २९ टक्के येतात. डीसी मोडमध्ये बारा व्होल्टचे २९ टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन व्होल्ट, आणि चार पिनांचा फॅन तेवढ्यावर फिरत राहील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ४१ अंशांवर ३८ टक्के, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास. तिथे तो कसाबसा तग धरतो. फिरता फॅन ज्या व्होल्टेजवर तग धरतो, त्यावर थांबलेला फॅन सुरू होईलच असे नाही, कारण सुरुवातीला जास्त जोर लागतो. म्हणून एकदा थांबल्यावर तो नुसता आचके देतो.

कूलर दोषी आहे, पण दमटपणामुळे नव्हे. त्याने खोली थंड केली, म्हणून बोर्ड थंड झाला आणि म्हणून बोर्डाने फॅनाचा व्होल्टेज उतरवला. वरच्या खोलीत बोर्ड चाळीसच्या खाली कधी आलाच नसेल.

आणि यात एक गंमत दडलेली आहे. पुढचे तीन फॅन पूर्ण वेगाने कूलरची हवा थेट बोर्डावर मारत असल्यामुळेच रेंडर चालू असतानाही बोर्डाचा सेन्सर ३९ च्या पुढे सरकला नाही. पुढच्यांचा आडमुठेपणाच मागच्याला झोपवत होता. आपल्या तक्रारी दोन होत्या, पण त्या एकमेकींच्या पाठीशी उभ्या होत्या.

हिंगण्याचा वायरमन

ताईंनी अचूक पकडले. पुढच्या फॅनांचे मी सांगतो. आपला हब बोर्डाकडून फक्त चौथ्या पिनेचा हुकूम घेतो आणि वीज मात्र साटामधून थेट बारा व्होल्ट उचलतो. काही हब तो हुकूम वाचून तीन पिनांच्या फॅनांसाठी व्होल्टेज उतरवतात, आपला तसा नाही, हे १४८० च्या अढळ आकड्यावरून दिसतेच. अशा हबवर तीन पिनांचे फॅन लावून विकणे म्हणजे ग्राहकाच्या अज्ञानावर विसंबणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय दोन. पुढचे तिन्ही फॅन बदलून चार पिनांचे घ्यावेत आणि हब राहू द्यावा, किंवा हब काढून टाकावा आणि एका तारेच्या तीन करणाऱ्या स्प्लिटरने तिन्ही फॅन पहिल्या हेडरला जोडून ते हेडर डीसी मोडवर आणावे. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण त्यापूर्वी प्रत्येक फॅनाच्या स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा वाचून बेरीज करावी. सर्वसाधारण हेडर एक अँपिअरचे, म्हणजे बारा वॅटचे असते. नेमका आकडा बोर्डाच्या माहितीपुस्तकात असतो. बेरीज त्याच्या बरीच खाली राहिली पाहिजे, कारण सुरू होतानाच्या क्षणी फॅन जास्त प्रवाह ओढतो. हेडर खरोखर जाळायचे असेल, तर तो राजमार्ग हाच आहे.

मागच्या फॅनाचे हेडर पीडब्ल्यूएम मोडवर न्यावे, आणि त्याचा वेग सीपीयूच्या तापमानाला बांधावा. सीपीयूचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडते, त्यामुळे बायोसमध्ये वेग बदलण्यापूर्वी थांबण्याचा काळ देता येत असेल तर काही सेकंद द्यावेत. नाहीतर ब्राउझर उघडला तरी फॅन उसासे टाकील.

उंटखाना

तेलाचा सल्ला मागे घेतो. पण एक शंका राहतेच. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, फॅन कमी वेगाने चालवण्याचा हा अट्टहास कशासाठी? सगळे शंभर टक्क्यांवर ठेवून मोकळे का होऊ नये?

हिंगण्याचा वायरमन

ज्याला आवाजाचे काही वाटत नाही, त्याने खुशाल ठेवावेत. फॅन कितीही पळवला तरी संगणकातला कोणताही भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि एका मर्यादेपलीकडे वाढवलेला वेग दोन-तीन अंशांसाठी दुप्पट गोंगाट करतो. शिवाय पुढून हवेसोबत धूळही तितकीच आत ओढली जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ मी काय सांगावी. धागाकर्ते आवाजावर काम करणारे आहेत. लग्नातल्या मंगलाष्टकांचा ध्वनी घोंघाटात बसून कसा जुळवायचा?

मनीषनगरी

चार दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. पुढच्या फॅनांच्या स्टिकरवर प्रत्येकी ०.२० अँपिअर लिहिलेले आढळले, म्हणजे तिघांचे मिळून ०.६०. माझ्या बोर्डाच्या पुस्तकात हेडरची मर्यादा एक अँपिअर दिलेली आहे. सीताबर्डीवरून दीडशे रुपयांचा स्प्लिटर आणला, हब काढून डब्यात टाकला आणि पहिले हेडर डीसी मोडवर नेले. किमान मर्यादा मी ५० टक्के, म्हणजे सहा व्होल्ट ठेवली आहे. त्यावर तिन्ही फॅन थंड असतानाही पहिल्या झटक्यात सुरू होतात, हे वीस वेळा चालू-बंद करून पाहिले. स्प्लिटरच्या एकाच शाखेत तिसरी तार असल्याने बायोसमध्ये तिघांपैकी एकाचाच वेग दिसतो. सुरुवातीला घाबरलो, पण मग टॉर्च लावून तिघेही फिरत असल्याची खात्री केली.

मागचा फॅन पीडब्ल्यूएम मोडमध्ये २५ टक्क्यांवर ४६० फेऱ्यांनी अखंड फिरतो. काल रात्री कूलर लावून तेच रेंडर पुन्हा केले. सीपीयू ७६ अंशांवर स्थिरावला, म्हणजे आधीपेक्षा आठ अंश कमी, आणि तेही पुढचे फॅन ६५ टक्क्यांवर असताना. दुकानात फोन करून बोर्ड पाठवत नसल्याचे कळवले. ते म्हणाले, ‘चांगलं झालं.’

एक नवी कटकट उरली आहे. पुढचे फॅन साधारण ९०० फेऱ्यांच्या जवळ आले की कॅबिनेटचा दर्शनी पत्रा गुणगुणतो. हजारच्या वर आणि साडेआठशेच्या खाली काहीच ऐकू येत नाही.

लिनक्सवाली

तो पत्र्याचा कंप आहे. रेषेतले दोन बिंदू असे ठेवा की वेग ८५० वरून जवळजवळ सरळ १००० वर जाईल आणि मधल्या पट्ट्यात रेंगाळणार नाही. त्यासाठी दोन्ही बिंदूंमध्ये एकाच अंशाचे अंतर ठेवले तरी पुरते. वेग बदलण्यापूर्वीचा थांबण्याचा काळ मात्र इथेही ठेवा, नाहीतर तापमान नेमके त्या अंशावर रेंगाळले की फॅन या टोकावरून त्या टोकावर नाचत बसेल.

मनीषनगरी

५५ अंशांवर ८५० आणि ५६ अंशांवर १००० फेरे येतील, अशी टक्केवारी लावली. पत्रा गप्प झाला आहे. पत्र्याच्या आत डाव्या बाजूचा एक स्क्रू सैल होता, तोही आवळला. त्यामुळे नक्की कशाने थांबला, हे मी आता सांगू शकणार नाही.

उंटखाना

स्क्रू पुन्हा सैल करून पाहा की.

मनीषनगरी

लग्नसराई संपल्यावर.